उजवीकडचं विमान

२ नोव्हेंबर, रविवार

जिंकले! दादाला हरवलं — आणि एकदा नव्हे, तो जॉयस्टिक ठेवून उठेपर्यंत. अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय.

नीट लिहिते. लेकीने वाढदिवसाचं पार्सल पाठवलं होतं, ते काल आलं. उघडलं तर आमचं लहानपणचं खेळाचं मशीन! दिसायला तेच — पुढे लाकडासारखी पट्टी, वर काळ्या रेघा — पण आतून कोरं करकरीत, आजच्या टीव्हीला जोडायचं. आणि जुन्या कॅसेट त्यात चालतात. आमचं जुनं मशीन दादाच्या माळ्यावर पडलंय, पण दोन विमानांची कॅसेट माझ्याकडेच राहिली होती, बटणांच्या डब्यात. तिच्या पितळी दातांवर काळं चढलं होतं. दुकानातलं स्पिरिट, कापूस, मग खोडरबर — एकेक दात पुसून काढला. माझ्या हातून एकही मोडला नाही, हे नवल. लावली आणि लगेच तो आवाज, खर्रर्र, फाटक्या स्पीकरमधून आल्यासारखा. तेव्हा विमानं गोलसर दिसायची. आता या मोठ्या टीव्हीवर चौकोनांची रास दिसते. चालायचंच, आम्हीही तेव्हा बऱ्या दिसायचो.

संध्याकाळी दादा-वहिनी चहाला आले. दादा म्हणाला, "चला गोगलगाय, बसा उजवीकडे." हे आमचं ठरलेलं — मोठा डावीकडे, निळं विमान. धाकटी उजवीकडे, पिवळं. लहानपणी मी त्याच्याशी एकही डाव जिंकले नव्हते. एकही नाही. गोगलगाय हे नाव त्यातूनच पडलं. आणि आज पिवळं विमान असं गर्रकन वळत होतं, की दादाचं निळं पळायला वाट शोधत होतं. "हे मशीनच खोटं आहे," दादा म्हणाला. "हरलं की मशीन खोटं!" — इति वहिनी. मी पोट धरून हसले.

बाबा त्यांच्या खुर्चीत बसून बघत होते. मध्येच म्हणाले, "बंद करा तो टीव्ही. उजेड डोळ्यांवर येतो." ऐंशी ओलांडली, डोळे थकणारच. बंद केला.

३ नोव्हेंबर, सोमवार

पन्नाशी उलटल्यावर हात सुधारतो का? दिवसभर डोक्यात हेच.

दुकानात दादा तोंड पाडून बसला होता. काचेच्या पलीकडे तो, अलीकडे मी — वर्षानुवर्षं हेच. बाबांनी काढलेलं काटेदुरुस्तीचं दुकान. सोनारांचे, औषधवाल्यांचे, प्रयोगशाळांचे नाजूक काटे. पुढे काउंटरवर गिऱ्हाइकांशी गोड बोलायला मी. मागे बेंचवर आधी बाबा, आता दादा. काट्याच्या कामाला हात हलका लागतो, आणि "हिचा हात जड आहे."

हे बाबांचं वाक्य. पण ते त्यांनी मनाने ठरवलं नव्हतं. दादाची शाळा संपली तेव्हा प्रश्न आला, बेंचवर कोणाला शिकवायचं. शेजारचे सोनारकाका माझ्या बाजूचे. मी एकदा त्यांच्या काट्याची वाकलेली सुई सरळ करून दिली होती, तेव्हापासून "या पोरीलाच बसवा" म्हणून बाबांच्या मागे लागले होते. बाबा म्हणाले, "मी कुणाची बाजू घेणार नाही. यंत्र ठरवील." खेळाचं मशीन घरात नुकतंच आलं होतं. बाबांनीच आणलं, आम्ही ओढाताण करून पाडू नये म्हणून बाबांनीच ते फळीवर स्क्रूने घट्ट बसवलं, पाठ भिंतीकडे. एका रविवारी दुपारी सोनारकाकांना साक्षीला बोलावलं आणि आम्हा दोघांना खेळायला बसवलं. ज्याचा हात आणि डोळा चांगला, त्याचं बेंच. मी सपाटून हरले. सोनारकाकांनीसुद्धा पुन्हा माझं नाव काढलं नाही.

मला राग आला नव्हता. बाबांवर भरवसाच तसा. त्यांनी दुरुस्त केलेल्या काट्यावर बाजारात कुणी दुसऱ्यांदा वजन करून बघत नसे. काटा बरोबर लागला की स्क्रूवर लाल रोगणाचा ठिपका द्यायचे — म्हणजे हा आता कुणी हलवायचा नाही. ब्रश डावीकडे उचलायची सवय, त्यामुळे ठिपक्याला डावीकडे एक बारीक शेपूट यायचं. लोक ते शेपूट बघून काटा घ्यायचे. ती रोगणाची बाटली बाबांनी दादालासुद्धा कधी हातात दिली नाही. तो बिचारा आपला मार्करने ठिपका देतो. बाटली अजून बाबांच्या उशाशी असते, औषधांच्या डब्यात, थिनर घालून घालून जिवंत ठेवलेली.

अशा माणसाने लावलेली परीक्षा. हरले ते हरले.

५ नोव्हेंबर, बुधवार

दुकानातून आल्यावर एकटीच खेळले. निळं आपलं सरळ रेषेत उडत राहतं आणि मी त्याला घिरट्या घालते. पिवळं माझं ऐकतं! लहान मुलीसारखी खूश आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

लिहू की नको. लिहिते.

लेकीचा फोन होता. मी बढाया मारत होते, मामाला कसं लोळवलं वगैरे. ती म्हणाली, "मग आता मामाला जरा सांभाळून घे. तुझं अवघडवर टाक. मागे खटके आहेत बघ."

कसले खटके? मशीन वळवलं. पाठीवर दोन छोटे खटके. डावा डावीकडच्या खेळाडूचा, उजवा उजवीकडच्याचा. एका टोकाला सोपं, दुसऱ्या टोकाला अवघड. अवघडवर टाकलं की त्या खेळाडूचं विमान हळू होतं आणि गोळीही जवळच पडते. चांगला खेळणारा आणि कच्चा खेळणारा बरोबरीने खेळावेत म्हणून ही सोय. "जुन्या मशीनलाही होते, आई. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं माहीत.

फोन ठेवला. उजवा खटका अवघडवर ढकलला आणि खेळायला बसले. पिवळं विमान चिखलातून चालावं तसं चालायला लागलं. निळ्याच्या मागे लागले तर गाठेचना. गोळी मारली तर मध्येच विझली. आणि माझा अंगठा आपोआप जोर लावायला लागला — लहानपणी लावायचे तसा, नख पांढरं होईपर्यंत. डोक्याच्या आधी अंगठ्याने ओळखलं. हीच ती चाल. हेच माझं विमान.

माझा हात जड नव्हता. विमान जड होतं.

९ नोव्हेंबर, रविवार

दादाने केलं. दुसरं कोण करणार? मशीन चालू करायला तोच धावायचा. "थांब, तुला नाही जमायचं." भिंत आणि फळी यांच्या मधल्या फटीत हात घालायला त्याचीच बोटं बारीक. मी कधी म्हटलं, आज बाजू बदलू, तर नाही. जागा बदलायच्या नाहीत, भांडणं होतात, असा घरात नियमच होता. नियमाचा फायदा कोणाला झाला, ते आज कळतंय.

दिवसभर एकेक आठवत बसले. हात जड म्हणून मी गाडी शिकले नाही. शिवण शिकले नाही. लेक झाली तेव्हा तिला आंघोळ घालायला बाई ठेवली — माझ्या हातून निसटली तर? तिची नखं हे कापायचे. आजारपणातसुद्धा उठून कापायचे. हे गेले, तोवर ती स्वतःची स्वतः कापायला लागली होती. माझ्या मुलीची नखं मी आयुष्यात एकदाही कापलेली नाहीत.

आणि हा माणूस रोज काचेपलीकडून मला हाका मारतो. गोगलगाय, चहा सांग. गोगलगाय, पुढचा काटा दे. मी हसून देते. मूर्ख बाई!

१० नोव्हेंबर, सोमवार

बोलले त्याला. दुकानात, बेंचपाशी जाऊन. गिऱ्हाईक नव्हतं, असतं तरी बोलले असते.

आधी त्याला समजेचना. समजलं तेव्हा हातातला चिमटा खाली ठेवला. "मला त्या खटक्यांचा पत्ताच नव्हता." मी म्हटलं, "मग प्रत्येक डाव जिंकायचास कसा?" तर म्हणतो, "मला वाटायचं, मला येतं."

वा! काय तो साळसूदपणा. मी नखांचं सांगितलं. लेकीच्या नखांचं. ते ऐकून त्याचा चेहरा पडला, पण कबूल काही करेना. मग उलट माझ्यावरच आवाज चढवला — "तुला काय वाटतं, मला इथे बसायची हौस होती? मला ट्रकवर जायचं होतं. देशभर फिरायचं होतं. तू जिंकली असतीस तर मी सुटलो असतो."

नाटकं. लहानपणी ट्रक ट्रक करायचा हे खरं, पण कोणता मुलगा करत नाही? बेंच मिळालं, दुकान मिळालं, मान मिळाला, आणि आता म्हणे सुटलो असतो. मी त्याला म्हटलं, तू माझा भाऊ नाहीस. काउंटरच्या किल्ल्या त्याच्यासमोर ठेवल्या आणि निघाले. खुर्चीत बसून बेंचकडेच बघत होता.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुकानात गेले नाही. जाणारही नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बाबांनी विचारलंच. दोन दिवस मी घरात, त्यांना कळणार नाही का? सगळं सांगितलं. मशीन उचलून पाठ दाखवली. खटका दाखवला. त्यांनी नीट बघितलंही नाही. शर्टाचं वरचं बटण लावत होते, काढत होते. मग म्हणाले, "लहानपणचं काय धरून बसतेस? भाऊ आहे तुझा. माफ करून टाक."

मी म्हटलं, बाबा, तुम्हालाही फसवलं त्याने. तुम्ही यंत्रावर भरवसा ठेवलात आणि त्याने यंत्रच फिरवलं. सोनारकाकांसमोर तुम्हाला खोटं पाडलं. तर म्हणाले, "झालं ते झालं. माझ्यासाठी माफ कर."

या माणसाचं मन किती मोठं आहे! एवढा धक्का बसला, तरी पोराबद्दल एक वाकडा शब्द नाही. जेवले मात्र नाहीत. पान तसंच सारलं. दादामुळे या वयात त्यांना हे बघावं लागतंय, याचा मला जास्त राग येतो.

फोन दोनदा वाजला. दादाचा. उचलला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज काय झालं ते लिहिताना माझाच विश्वास बसत नाही.

सोनारकाकांची सून काटा घेऊन घरी आली. काकांचा तो जुना छोटा काटा, काचेच्या पेटीतला. दादाने परत पाठवला होता, आता नवीनच घ्या म्हणून. तिला वाटलं, मी काउंटरवर नाही म्हणून असं झालं. मी त्याच्याशी बोलून काही करीन. तिला काय सांगणार? ठेवून जा म्हटलं.

ती गेल्यावर काटा जेवणाच्या टेबलावर ठेवला. नुसता बघत बसले. मग बाबांचा जुना चिमटा आणि भिंग काढलं. काचेतून बघून बघून कामाची रीत माहीत होतीच, हात मात्र त्या एका सुईनंतर कधी लावला नव्हता. पारडी उतरवली. दांडी उचलली. भीती किती वाटली! श्वाससुद्धा अर्धाच घेत होते. दांडी ज्या धारेवर तोलते तिच्या खाली कापसाचा एक तंतू अडकला होता, डोळ्याला दिसेल न दिसेल असा. चिमट्याने धरून ओढला. आला. मग पारड्याकडचा स्क्रू केसभर फिरवला, थांबले, परत केसभर. सुई डुलत डुलत आली आणि मध्यावर थांबली. दोन्हीकडे वजनं बदलून बघितली. मध्यावरच.

मान वर केली तर बाबा दारात उभे. कधीपासून, कोण जाणे. मी म्हटलं, "बाबा, रोगण हवं." गमतीत म्हटलं खरं तर. ते आत गेले आणि बाटली घेऊन आले. टेबलावर ठेवली. "घे. तुझ्याकडेच राहू दे."

दादाला जन्मात मिळाली नाही ती बाटली! मी ब्रश बुडवला, स्क्रूवर टेकवला आणि डावीकडे उचलला. हुबेहूब शेपूट आलं. बाबांचे पाय धरून रडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. "तुझा हात चांगलाच आहे," एवढंच म्हणाले. हे एक वाक्य ऐकायला किती वाट बघितली! पूर्ण जगात माझ्याशी सरळ वागलेला एकच माणूस आहे आणि तो माझा बाप आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सोनारांकडे काटा पोचवला. काका आता अंथरुणाला खिळलेत. पेटी उशाशी धरली तर बोटाने ठिपका चाचपला आणि विचारलं, "वडिलांनी केला?" मी म्हटलं, मी केला. "तेव्हाच म्हटलं होतं मी," म्हणाले आणि डोळे मिटले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

वहिनी येऊन गेली. बरोबर एक गोणी. आत आली नाही, उंबऱ्याशीच उभी. "यांनी पाठवलंय. माळ्यावरचं जुनं मशीन. उतरवताना पाय मुरगळला, म्हणून मी आले. गोणीची गाठ बाबांनी बांधली होती तशीच आहे, यांनी सोडलेली नाही. तिला म्हणावं, तूच सोड, तूच बघ."

मी म्हटलं, काय बघायचंय? खटका अवघडवरच असणार. त्याने दादा सुटतो की अडकतो?

वहिनी म्हणाली, "ते मला कळत नाही. पण हे दुकानात बसतात नुसते. काटा हातात घेतात आणि ठेवतात. म्हणतात, मला कधी येतच नव्हतं." एवढं बोलून गेली. पाय किती दुखावलाय, ते मी विचारलंसुद्धा नाही. नंतर वाईट वाटलं, वहिनीपुरतं.

गोणी दाराआड ठेवली. बाबांनी बघितली. "ते धूड कशाला घेतलंस? भंगारात दे."

२२ नोव्हेंबर, शनिवार

बाबांनी आज पुन्हा दोनदा विचारलं, भंगारवाला आला का.

२३ नोव्हेंबर, रविवार

गोणी सोडली. मशीन फळीसकट आहे, स्क्रू जिथल्या तिथे. पाठीवरची धूळ पुसली. डावा खटका सोपंवर, उजवा अवघडवर. उजवा नखाने ढकलून बघितला. हलेना. खिडकीशी नेऊन उजेडात धरला. खटका आणि खाच यांच्या सांध्यावर लाल रोगणाचा ठिपका आहे. डावीकडे बारीक शेपूट.

आतून बाबा विचारताहेत, "केलंस का त्याला माफ?"